मारहाणीची जखम आणि पोलिसांना वर्दी : एका ऑनलाइन प्रशिक्षणाचे परीक्षण

रात्रपाळीला एक तरुण हाताला रुमाल गुंडाळून येतो आणि काचेचा ग्लास धुताना फुटला असे सांगतो. रुमाल सोडला, तर तळहात आणि बोटे शाबूत आहेत; जखम मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूने, हाताच्या बाहेरच्या अंगाला आहे. तोंडावर येणारा वार अडवण्यासाठी माणूस हात आडवा धरतो तेव्हा जिथे लागते, नेमकी तिथेच. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ सुरू होते आणि नव्वद सेकंदांत ठरवायचे असते, की पोलिसांना वर्दी, म्हणजे खबर, द्यायची, रुग्णाला आणखी विचारायचे, की टाके घालून घरी पाठवायचे. मी दहाव्या सेकंदाला ‘वर्दी द्या’ हे बटण दाबले आणि माझे उत्तर चुकले.

हा प्रसंग अभ्यासक्रमाने कॅनडातील ओंटारिओ प्रांतात घडवलेला होता आणि पडद्याच्या वरच्या पट्टीत तसे लिहिलेही होते; मी ते वाचलेच नाही. ओंटारिओचा २००५ सालचा कायदा फक्त बंदुकीच्या गोळीच्या जखमेबद्दल बोलतो. सुरी-काचेच्या जखमेसाठी तेथे रुग्णाचे नाव त्याच्या संमतीवाचून पोलिसांना द्यायचे, तर कोणाला तरी गंभीर शारीरिक इजा होण्याचा मोठा धोका आहे असे वेगळे कारण हाताशी असावे लागते. कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, सतरा वर्षे काम केल्यावर हाताला जी सवय लागते तिनेच बटण दाबले आणि सवय म्हणजे कायदा नव्हे, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळले. या एका प्रसंगासाठी मी या अभ्यासक्रमाला अर्धा गुण जास्त देणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

हिंसेमुळे झालेल्या जखमा पोलिसांना कळवण्याचे बंधन वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर कुठे, कसे आणि किती आहे, हे शिकवणारा हा आठ तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. त्याची सहा प्रकरणे असून तो डॉक्टर, परिचारिका आणि नोंदणी विभागातील कर्मचारी अशा तिघांसाठी एकत्र बनवलेला आहे. मूळ निवेदन इंग्रजीत आहे आणि खाली मराठी उपशीर्षके निवडता येतात. पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि त्या एका माणसाच्या अनुभवावर उभ्या आहेत, म्हणून बनवणाऱ्या संस्थेचे नाव देत नाही. आमच्या विभागात सर्वांना तो पूर्ण करणे बंधनकारक होते. मी तीन सुट्ट्यांत तो संपवला.

कायद्यांचे प्रकरण दुसरे आहे आणि संपूर्ण अभ्यासक्रमात तेच सर्वांत कसदार आहे. सामान्य प्रशिक्षणात ‘संशय आला की कळवा’ एवढेच डोक्यात भरवले जाते. येथे मात्र चार ठिकाणचे कायदे शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारलेले आहेत: कोणती जखम, कोणी कळवायचे, काय काय कळवायचे, किती वेळात, आणि न कळवल्यास काय. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचे कलम १११६० सर्वांत रुंद जाळे टाकते. गोळीची जखम तर त्यात येतेच, शिवाय मारहाणीने किंवा छळाने झालेली कोणतीही इजा येते. उपचार करणाऱ्याने फोनवरून ताबडतोब आणि लेखी स्वरूपात कामाच्या दोन दिवसांत कळवायचे असते, आणि त्या लेखी अहवालात जखमीचे नाव, तो सध्या कुठे आहे, जखमांचे स्वरूप आणि मारणारा कोण असे सांगितले गेले असल्यास त्याची ओळख, हे सगळे द्यायचे असते. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ओंटारिओत याच्या अगदी उलट हात आखडता घेतलेला आहे: गोळी लागलेल्या माणसावर उपचार होत आहेत ही गोष्ट, माहीत असल्यास त्याचे नाव, आणि रुग्णालयाचे नाव-ठिकाण, एवढ्यावर कायदा थांबतो, आणि ते कळवण्याची जबाबदारी एकट्या डॉक्टरच्या डोक्यावर न टाकता संस्थेवर टाकतो. ही शेवटची बाब किरकोळ वाटेल. पण रात्री दोन वाजता ‘फोन कोणी करायचा’ यावरून ड्युटी डॉक्टर आणि सिस्टर यांच्यात झालेली कुजबूज ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिचे मोल कळेल.

ब्रिटनची रीत या दोन्हींहून निराळी आहे. तेथे सर्व हिंसक जखमांना लागू होणारा असा एखादा सरसकट कायदाच नाही. तेथील जनरल मेडिकल कौन्सिल या नियामक संस्थेने डॉक्टरांना दिलेले मार्गदर्शन आहे, आणि सध्याचे मार्गदर्शन २०१७ सालचे आहे. गोळीची जखम, किंवा सुरी वा अन्य धारदार वस्तूने झालेल्या हल्ल्याची जखम घेऊन कोणी आले, की पोलिसांना सहसा कळवावे; मात्र त्या पहिल्या फोनमध्ये रुग्णाची ओळख सांगण्याची सहसा गरज नसते, असे ते म्हणते. पोलिसांनी यायचे ते रुग्णालयातील इतर माणसांना आणि बाहेरच्या परिसराला धोका आहे का हे पाहायला. नाव द्यायचे की नाही हा पुढचा, वेगळा निर्णय. त्यासाठी रुग्णाला विचारायचे, आणि तो नाही म्हणाला तर सार्वजनिक हित त्याच्या गुप्ततेहून जड आहे का, याचा विचार करून, कारण लिहून ठेवून मग ठरवायचे. गुन्ह्याची खबर आणि माणसाची खबर या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे माझ्या तरी आजवरच्या कोणत्याही प्रशिक्षणात आले नव्हते. अभ्यासक्रम ते सांगतो, पण पाव मिनिटात सांगतो आणि पुढे जातो. मला ते तीनदा मागे नेऊन ऐकावे लागले.

भारताविषयीच्या भागात मात्र एक ढोबळ चूक आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी अभ्यासक्रमातील सगळी कलमे अजून जुन्याच क्रमांकांनी दिलेली आहेत. लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांनी तात्काळ आणि विनामूल्य उपचार करावेत आणि पोलिसांना लगेच कळवावे, हे बंधन पूर्वी प्रक्रिया संहितेच्या ३५७ सी या कलमात होते, ते आता सुरक्षा संहितेच्या ३९७ मध्ये आहे. आणि त्यात कुचराई करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद करणारे दंड संहितेचे १६६ बी हे कलम न्याय संहितेत २०० झाले आहे. मजकूर जवळपास तोच राहिल्यामुळे गैरसमज होणार नाही, असे कोणी म्हणेल. पण रजिस्टरमध्ये जुना क्रमांक लिहिला तर न्यायालयात उलटतपासणीला तोंड देणारा माणूस अभ्यासक्रम बनवणारा नसतो.

याच भागात एक गोष्ट त्यांनी फार नीट मांडली आहे, तिचे श्रेय द्यायला हवे. आपल्याकडे ‘एमएलसी करणे’, म्हणजे रुग्णाची न्यायवैद्यक प्रकरण (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद करून पोलिसांना कळवणे, हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे, की त्यामागे एखादे एकच स्पष्ट कलम असावे असे सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात ठराविक गुन्ह्यांची माहिती असलेल्या प्रत्येक नागरिकाने ती पोलिसांना द्यावी, असे सांगणारे प्रक्रिया संहितेचे जुने ३९वे, आता सुरक्षा संहितेचे ३३वे कलम आहे आणि त्या यादीत खून, दरोडा यांसारखे गुन्हे आहेत; साधी मारहाण त्यात नाही. अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांबाबत २०१२च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ स्वतंत्रपणे, आणि कोणालाही न वगळता, कळवण्याचे बंधन घालते. उरलेला बराचसा व्यवहार रुग्णालयांच्या नियमावल्या आणि न्यायवैद्यक शिस्त यांवर चालतो. हे समजल्यावर माझ्या मनातला एक जुना गोंधळ मिटला: एका रुग्णालयात कुत्रा चावल्याचीही एमएलसी होते आणि दुसऱ्यात कानशिलात बसल्याचीही होत नाही, असे का, याचे उत्तर मिळाले.

याच ठिकाणी परमानंद कटारा खटल्याची हकीकत येते. अपघातात जखमी झालेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही, कारण पोलीस प्रकरणे हाताळण्याची परवानगी असलेले रुग्णालय वीस किलोमीटर दूर होते; तो वाटेत दगावला. २८ ऑगस्ट १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, तो सरकारी असो वा खासगी, आणि कायद्याच्या कोणत्याही औपचारिकतेसाठी उपचार थांबवता येणार नाहीत. निवेदकाने ही हकीकत सपाट आवाजात, एकाही विशेषणाशिवाय सांगितली आहे आणि म्हणूनच ती मनात राहते.

तिसरे प्रकरण जखमेच्या वर्णनाचे आहे. येथे मात्र मी वही काढून बसले. कापल्याची जखम आणि बोथट माराने त्वचा फाटल्याची जखम यांतला फरक आपल्याला येतो असे प्रत्येकाला वाटते. सरावासाठी भुवईवरच्या एका जखमेचे छायाचित्र दिलेले आहे. कडा सरळ, लांबी तीन सेंटिमीटर. पाहताक्षणी वस्तऱ्याने कापल्यासारखी वाटते. मग चित्र मोठे करायला सांगतात. जखमेच्या तळाशी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले बारीक धागे दिसतात, कडेला किंचित खरचटलेली पट्टी दिसते, भुवईचे केस कापले न जाता चेचलेले दिसतात. म्हणजे हे धारदार शस्त्र नव्हे. हाडालगतची त्वचा बोथट माराने अशीच सरळ रेषेत फाटते. ‘सुरीने वार’ असे घाईने लिहिले असते, तर पुढे काय काय घडले असते याचा विचार करून मी त्या चित्रापाशी बराच वेळ थांबले. गोळीच्या जखमेला ‘शिरल्याची’ किंवा ‘बाहेर पडल्याची’ असे नाव न देता तिचा आकार, जागा आणि कडा लिहाव्यात. शर्ट काढताना कात्री भोकातून चालवू नये. रक्ताने ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबता कागदी पिशवीत ठेवावेत, नाहीतर ओलीने पुरावा खराब होतो. निळसर डागाच्या रंगावरून मार अमुक दिवसांपूर्वी लागला असे छातीठोकपणे लिहू नये. या सगळ्या सूचना कृतीसह दाखवलेल्या आहेत. ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ या दोन शब्दांवर तर पाच मिनिटांची स्वतंत्र चित्रफीत आहे आणि ती मला जराही लांबलेली वाटली नाही. रुग्ण काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत अवतरणात, आपण काय पाहिले ते त्याखाली वेगळे, आणि आपल्याला काय वाटते ते कुठेच नाही: एवढे एक जरी नव्या सिस्टर शिकल्या तरी रजिस्टर सुधारेल.

आता माझी मुख्य तक्रार. घरात, जोडीदाराकडून होणाऱ्या मारहाणीचे चौथे प्रकरण अवघ्या अकरा मिनिटांत गुंडाळलेले आहे. कळवण्याच्या सक्तीवर खरा वाद आहे तो इथेच. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या, ‘पोलिसांना बोलावू नका’ असे स्पष्ट सांगणाऱ्या बाईच्या बाबतीत तिच्या मर्जीविरुद्ध फोन करावा का? या प्रश्नावर जगभरात एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मधील मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी अशा प्रकरणी सक्तीने पोलिसांना कळवण्याची शिफारस केली नाही. बाईला हवे असेल तर कळवण्याची तयारी दाखवावी, असे सांगितले. अमेरिकेतील केंटकी राज्याने २०१७ मध्ये सज्ञान पीडितांच्या बाबतीत ही सक्ती काढून तिच्या जागी मदतीची माहिती देण्याचे बंधन आणले. दुसऱ्या बाजूला, सक्तीमुळे बाईवरचा भार हलका होतो, ‘मी नाही सांगितले, दवाखान्यानेच कळवले’ असे तिला म्हणता येते, हा युक्तिवादही पोकळ नाही. कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनियातील बारा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या १,२१८ स्त्रियांना याबद्दल विचारलेला एक अभ्यास २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. गेल्या वर्षभरात जोडीदाराकडून अत्याचार झालेल्यांपैकी ५५.७ टक्के स्त्रिया सक्तीच्या बाजूने होत्या आणि ४४.३ टक्के विरोधात. विरोधातल्या बहुतेकींचे म्हणणे कळवूच नका असे नव्हते, आम्हांला विचारून कळवा असे होते. ज्यांच्यावर अत्याचार झाला नव्हता त्यांच्यात पाठिंबा ७०.७ टक्के होता. ज्याला सोसावे लागते त्याचे आणि बाहेरून पाहणाऱ्याचे मत यांतले हे अंतर कोणत्याही प्रशिक्षणात तासभर चर्चेला पुरेल. अभ्यासक्रमात हा अभ्यास नाही, केंटकी नाही, जागतिक आरोग्य संघटनेचे नाव एका तळटीपेत आहे.

मला हे इतके का बोचले, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी तेव्हा होते त्या रुग्णालयात, एक बाई कान दुखतो म्हणून आली. कानाचा पडदा फाटलेला होता. तपासताना मी हळूहळू विचारत गेले आणि तिने मला सगळे सांगितले. कोणी मारले, कशाने, यापूर्वी कितीदा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी टेबलावरच्या फोनवरून चौकीला वर्दी दिली. पडद्याआड ती ऐकत होती. मी फोन ठेवून औषध घेऊन परत आले तेव्हा खाट रिकामी होती. सलाईनची नळी लोंबत होती आणि हाताच्या शिरेत घातलेली इंट्राकॅथ (सलाईनची सुई-नळी) तशीच घेऊन ती निघून गेली होती. वर्दी देण्यात माझी चूक नव्हती. रुग्णालयाचा नियमच तसा होता. विचारण्याआधी मी तिला एवढेही सांगितले नाही, की तू मला जे सांगशील ते मला पुढे कळवावे लागेल, ही माझी चूक होती. ते ठाऊक असते तर काय सांगायचे आणि किती सांगायचे हे तिने ठरवले असते.

अभ्यासक्रमात ‘रुग्णाशी संवाद’ असा एक नमुना आहे. त्यात परिचारिका गोड आवाजात सगळी हकीकत काढून घेते, लिहून घेते आणि शेवटी म्हणते, “आम्हांला हे पोलिसांना कळवावेच लागते.” हा नमुना आदर्श म्हणून दाखवलेला आहे! तेच वाक्य प्रश्न विचारण्याआधी आले पाहिजे. फ्रान्सने ३० जुलै २०२० रोजी केलेल्या कायद्याने डॉक्टरला एक मुभा दिली: सज्ञान पीडितेच्या जिवाला तात्काळ धोका असेल आणि मारणाऱ्याच्या दडपणामुळे ती स्वतःचे रक्षण करण्याच्या स्थितीत नसेल, तर तिच्या संमतीविनाही सरकारी वकिलाला कळवता येते. पण त्याच कायद्यात पुढे असेही आहे, की आधी संमती मिळवण्याचा प्रयत्न करावा आणि ती मिळाली नाहीच, तर कळवल्याचे तिला सांगावे. ‘तिला सांगावे’ हे कलमात लिहून ठेवण्याची गरज कोणाला तरी वाटली, यातच बरेच काही आले. अभ्यासक्रमाने घेतलेल्या चार ठिकाणांत फ्रान्स नाही.

फ्रान्स येतो तो ‘अवांतर वाचन’ या सदरात, जिथे बहुतेक जण फिरकणारही नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातील फ्रान्समध्ये जखमी माणसांची माहिती द्यावी असा दबाव डॉक्टरांवर होता. ते जखमी म्हणजे बहुधा प्रतिकार चळवळीतील लोक. तेथील वैद्यक परिषदेचे अध्यक्ष लुई पोर्त यांनी जुलै १९४४ मध्ये सर्व डॉक्टरांना पत्रक पाठवून आठवण करून दिली, की जखमीकडे बोलावले गेल्यावर डॉक्टरचे काम उपचाराचे आहे, आणि रुग्णाचा विश्वास व्यावसायिक गुप्ततेवर उभा असतो. दीड पानाचा हा मजकूर मला सहाही प्रकरणांहून अधिक आवडला. जखम कळवण्याच्या कायद्याकडे पाहताना पलीकडे फोन उचलणारा कोण आहे, हा प्रश्न कायम उभा असतो आणि या दीड पानात तो विनासायास समोर येतो.

पाचवे प्रकरण आकडेवारी आणि प्रतिबंधाचे. वेल्समधील कार्डिफ येथे जोनाथन शेफर्ड या मुखशल्यचिकित्सकांच्या लक्षात आले, की मारामारीत जबडा मोडून येणाऱ्या अनेकांची पोलिसांकडे नोंदच नसते. त्यांनी सुरू केलेल्या पद्धतीत तातडीच्या विभागातील स्वागतकक्षातच मारहाण कुठे झाली, केव्हा झाली आणि कशाने झाली एवढे विचारून घेतले जाते. नाव काढून टाकून ही माहिती पोलीस आणि स्थानिक प्रशासन यांना दिली जाते आणि त्यावरून गस्त कुठे वाढवायची हे ठरते. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासानुसार, हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये दर लाख लोकसंख्येमागे महिन्याला सातवरून पाचावर आले, आणि त्याच काळात तुलनेसाठी घेतलेल्या शहरांत ते पाचावरून आठावर गेले. एकाही रुग्णाचे नाव न देता पोलिसांना उपयोगी पडणारी खबर देता येते, याचे याहून ठोस उदाहरण मला माहीत नाही. अभ्यासक्रमात त्याला दोन परिच्छेद मिळाले आहेत आणि सरावाचा एकही प्रसंग नाही. नोंदणी विभागातील कर्मचाऱ्यांनाही हा अभ्यासक्रम सक्तीचा असताना त्यांच्या कामाचा हा एकमेव भाग असा उरकलेला पाहून वाईट वाटते.

सहावे प्रकरण परीक्षेचे आहे. चाळीस प्रश्न, ठीकठाक. मधेच इंटरनेट गेले तर चालू प्रश्न चुकला असे धरले जाते. याबाबत मदतकक्षाला लिहिले, उत्तर नवव्या दिवशी आले आणि गुण बदलले नाहीत. प्रमाणपत्र लगेच उतरवून घेता येते. चित्रफिती मोबाइलवर व्यवस्थित चालतात, फक्त जखमांची छायाचित्रे मोठ्या पडद्यावरच पाहावीत.

मराठी उपशीर्षकांबद्दल मात्र वेगळे लिहावे लागेल, कारण त्यांतली एक चूक हसण्यावारी नेण्यासारखी आहे आणि दुसरी नाही. कळवण्याचे बंधन असलेल्या कर्मचाऱ्याला तेथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘सक्तीचा वार्ताहर’ म्हटले आहे; इंग्रजीतल्या ‘मँडेटेड रिपोर्टर’चे हे शब्दशः भाषांतर. आमच्या विभागातले मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, अजून एकमेकांना त्या नावाने हाक मारतात. दुसरी चूक अशी, की पोलिसांना कळवणे याला प्रत्येक ठिकाणी ‘तक्रार दाखल करणे’ असे लिहिलेले आहे. रुग्णालय देते ती वर्दी. अमुक जखमेचा अमुक माणूस आमच्याकडे आला आहे, एवढीच ती खबर. फिर्याद द्यायची की नाही, जबाबात काय सांगायचे, हे जखमी माणसाच्या हाती असते. कॅज्युअल्टीत येणाऱ्या लोकांच्या मनात नेमका हाच घोळ असतो. दवाखान्याने आपल्या वतीने केस टाकली, असे समजून ते घाबरतात, उपचार अर्धवट टाकून जातात, किंवा जखमेचे कारणच खोटे सांगतात. तो घोळ दूर करणे हे आमचे काम, आणि आम्हांला शिकवणारा अभ्यासक्रमच तो घट्ट करतो आहे. मराठीत वर्दी, खबर, फिर्याद, जबाब असे चार वेगळे शब्द रोजच्या वापरात असताना चारांसाठी एकच शब्द लिहिण्याची वेळ का यावी, हे मला समजले नाही.

पाचांपैकी साडेतीन गुण; त्यांतला अर्धा ओंटारिओच्या त्या तरुणासाठी, हे वर सांगितलेच आहे. नव्याने कॅज्युअल्टीत येणाऱ्या परिचारिकांनी दुसरे आणि तिसरे प्रकरण अवश्य करावे. चौथे प्रकरण एकट्याने पाहू नये; विभागातील जुन्या माणसाबरोबर बसून पाहावे आणि मधे मधे थांबवून वाद घालावा. कायद्याच्या कलमांसाठी केवळ यावर विसंबून राहू नये. आम्ही आमच्यापुरते एक काम केले: चार ओळींचा एक कागद तपासणीच्या टेबलाशी, रुग्णाला वाचता येईल अशा बाजूने लावला. “काही जखमांची खबर आम्हांला पोलिसांना द्यावी लागते. ती तक्रार नसते. तुम्हांला काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. खबर दिली तरी आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत तरी उपचार होणारच.” तो वाचून एक-दोघे गप्प बसले, हे खरे, तपासणी सोडून मात्र अजून कोणी गेलेले नाही.

हे लिहीपर्यंत संस्थेकडून आणखी एक पत्र आले. उपशीर्षकांत सुधारणा केल्याचे त्यात कळवले आहे. मी उघडून पाहिले. ‘सक्तीचा वार्ताहर’ गेला आहे आणि त्याच्या जागी ‘कळवण्यास बांधील कर्मचारी’ आला आहे. ‘तक्रार’ जिथल्या तिथे आहे.